कोसबाडच्या अनुताई वाघ: ४७ वर्षं तेच काम, तरी कधी थकल्या नाहीत

वसई : आपल्या वसई-विरार पट्ट्यात दिवस लवकर उजाडतो. पहाटेच्या गाडीला फुलांच्या, भाजीच्या पाट्या घेऊन दादरकडे निघालेले शेतकरी असतात. त्यांच्यामागून चाकरमानी निघतात. मग बंदरावर मासळीची गडबड, शाळेच्या घंटा, आणि नऊ-दहाच्या सुमाराला अंगणवाडीचं कुलूप उघडणाऱ्या ताई. काम रोजचंच असतं. काल केलं तेच आज, आज केलं तेच उद्या. म्हणून कुणालाही विचारा, काय चाललंय? उत्तर ठरलेलं, चाललंय तेच ते, कंटाळा आला.

हा कंटाळा खोटा नाही. उन्हातान्हात वांग्याचं तण काढताना किंवा तीच फाईल शंभराव्यांदा लिहिताना माणूस आतून रिकामा होतो. त्यावर उपाय सांगणारे व्हिडिओ मोबाइलवर ढिगाने आहेत. पण आपल्याच पालघर जिल्ह्यात एक बाई होऊन गेल्या, ज्यांनी १९४५ पासून १९९२ पर्यंत, म्हणजे ४७ वर्षं एकच काम केलं. लहान मुलांना शिकवायचं. तेही कुठे? बोर्डी नि कोसबाडच्या वाड्या-पाड्यांवर. आणि वय वाढत गेलं तसा त्यांचा कामाचा उत्साह वाढतच गेला. त्यांचं नाव अनुताई वाघ. नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पुस्तकात धडा म्हणून, नाहीतर सामान्य ज्ञानाच्या प्रश्नात. पण त्यांनी नेमकं काय केलं आणि एवढं बळ कुठून आणलं, हे नीट बघण्यासारखं आहे.

तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांत वैधव्य

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. म्हणजे अष्टविनायकातल्या मोरेश्वराचं गाव. त्या काळच्या रीतीप्रमाणे वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं आणि काही महिन्यांतच नवरा वारला. तेरा वर्षांची पोर विधवा झाली. त्या काळी अशा मुलीचं पुढचं आयुष्य ठरून गेलेलं असायचं. घराच्या मागच्या खोलीत राहायचं, सगळ्यांचं करायचं आणि सणावाराला तोंड दाखवायचं नाही.

अनुताईंनी पाटी-पुस्तक धरलं. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे त्या वेळची सातवी, पास झाल्या. मग शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं आणि १९२९ साली नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला नोकरीला लागल्या. वय अवघं एकोणीस. चार वर्षं तिथे खेड्यातल्या मुलांना शिकवलं. १९३३ मध्ये पुण्याच्या हुजूरपागेत आल्या. मुलींची नावाजलेली शाळा, पुण्यासारखं शहर, पक्की नोकरी. दिवसा शिकवायचं आणि रात्रशाळेत स्वतः शिकायचं, असं करून १९३७ मध्ये त्या मॅट्रिक झाल्या.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. अनुताई काही जगावेगळ्या हुशार म्हणून गाजलेल्या नव्हत्या. हजारो शिक्षिकांसारख्या एक शिक्षिका होत्या. हुजूरपागेतच राहिल्या असत्या तर निवृत्त होऊन सुखाने राहिल्या असत्या, आणि आज आपण त्यांच्यावर लिहिलंही नसतं.

बोरीवलीचं शिबिर आणि ताराबाईंची गाठ

१९४५ साली कस्तुरबा गांधी स्मारक निधीने खेड्यात काम करणाऱ्या स्त्रियांसाठी बोरीवलीला शिबिर भरवलं होतं. अनुताई तिथे गेल्या. तिथेच त्यांची ताराबाई मोडक यांच्याशी गाठ पडली.

ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या आणि बालशिक्षणात त्यांचं मोठं नाव झालेलं होतं. त्या १९१४ सालच्या बी.ए. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बरोबर त्यांनी बालमंदिर चालवलं, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केलं. पण हे सगळं शहरातल्या, चार पैसे बाळगून असलेल्या घरांतल्या मुलांसाठी चाललं होतं. खेड्यातल्या गरिबाच्या मुलाला हे मिळेल का, हा प्रश्न त्यांना सतावत होता. त्या बोर्डीला प्रयोग करायला निघाल्या होत्या आणि त्यांना बरोबर यायला माणूस हवं होतं. अनुताई तयार झाल्या. तेव्हा त्या पस्तिशीच्या होत्या.

बोरीवलीहून बोर्डीला जायचं तर घोलवड स्टेशनला उतरावं लागतं. म्हणजे ती रेल्वे आपल्या वसई-विरारवरूनच जाते. आज डहाणू लोकलमध्ये उभ्याने जाताना ज्या वैतरणा, सफाळे, केळवे रोडच्या पाट्या दिसतात, त्याच मार्गावरून या दोघी बोर्डीला पोचल्या. २४ डिसेंबर १९४५ रोजी तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं.

शाळा तयार, पण मुलंच येईनात

पहिल्याच पायरीला ठेच लागली. बालवाडी उघडली, पण जी मुलं यायला हवीत तीच येईनात. त्या वेळी अस्पृश्य मानलेल्या वस्तीतली मुलं तर दाराशीही फिरकेनात. आईबाप पहाटे कामाला जायचे. घरातलं मोठं पोर धाकट्याला कडेवर घेऊन बसायचं. अंगावर धड कपडा नाही, पोटात अन्न नाही. शिवाय सगळ्यांच्या मुलांबरोबर एका खोलीत बसायला मिळेल, यावर कुणाचा विश्वासही नव्हता.

आता अशा वेळी आपण काय करतो? रजिस्टरमध्ये मुलं आली नाहीत असं लिहितो, वर कळवतो आणि मोकळे होतो. लोकांनाच शिकायचं नाही असंही म्हणून टाकतो. या दोघींनी उलटा विचार केला. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांकडे न्यायची. वस्तीत जायचं, तिथल्याच एखाद्या अंगणात मुलं गोळा करायची आणि तिथेच शिकवायचं. त्याचं नाव पडलं अंगणवाडी.

आज हा शब्द देशभरात रोज बोलला जातो. केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि गावोगाव अंगणवाड्या आल्या. त्याच्या कितीतरी वर्षं आधी आपल्या जिल्ह्यातल्या बोर्डीत अंगणात मुलं बसत होती.

आधी आंघोळ, मग अक्षर

अनुताईंचं रोजचं काम ऐकलं तर कुणाला त्यात मोठेपण दिसणार नाही. वस्तीत जायचं. मुलांना घरोघरी जाऊन बोलवायचं. अंगण झाडून घ्यायचं. मुलांचे हातपाय धुवायचे, आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे, खरूज-नायटे झालेल्यांना औषध लावायचं. काहीतरी खायला द्यायचं. मग गाणी, गोष्टी, खेळ. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुसलेलं नाक पुन्हा वाहतंच आणि विंचरलेले केस पुन्हा विस्कटतातच.

वस्तीत जाऊन मुलांना शिवणाऱ्या, न्हाऊ घालणाऱ्या बाया गावातल्या काहींना खपत नव्हत्या. विरोध झाला, टोमणे बसले. तरी काम थांबलं नाही.

शेती करणाऱ्याला हे लवकर कळेल. तण काढलं की पंधरा दिवसांत पुन्हा उगवतं. म्हणून तणाकडे बघत काढलं तर जीव मेटाकुटीला येतो, आणि शेजारच्या रोपाकडे बघत काढलं तर हात चालत राहतो. अनुताईंचं लक्ष रोपाकडे होतं. काल आईच्या पदराआड लपलेलं पोर आज दोन पावलं पुढे येऊन बसलं. काल न बोलणारं आज गाण्यात सूर मिसळायला लागलं. ही वाढ फार थोडी असते, पण रोज जवळून बघणाऱ्याला ती दिसते. त्यांचा थकवा तिथे उतरत असावा. पुढची सगळी वर्षं त्या त्याच मुलांमध्ये राहिल्या, यावरून तरी तसंच म्हणावं लागेल.

चिंचोके, शिंपले, करवंट्या

दुसरी गोष्ट, काम कसं करायचं ते त्यांनी स्वतःच्या डोक्याने शोधलं. इटलीच्या माँटेसोरी बाईंची बालशिक्षणाची पद्धत ताराबाईंना चांगली माहीत होती. पण त्या पद्धतीची साधनं महाग. गुळगुळीत लाकडाचे ठोकळे नि दट्टे खेड्यात कुठून आणायचे?

म्हणून त्यांनी आजूबाजूला बघितलं. बोर्डीला समुद्र आहे, तिथे शंख-शिंपले मिळतात. झाडाखाली चिंचोके, गुंजा, तऱ्हेतऱ्हेच्या बिया पडलेल्या असतात. नारळाच्या करवंट्या, बांबूचे तुकडे, दगडगोटे, पानं, फुलं, काही विकत घ्यावं लागत नाही. चिंचोक्यांनी मोजणी शिकवायची, लहान-मोठ्या शिंपल्यांनी आकार, पानाफुलांनी रंग. मुलालाही ही वस्तू ओळखीची, त्यामुळे भीती नाही.

रोज तोच साचा वापरला की काम यंत्रासारखं होतं. आज हे करून बघू, उद्या ते करून बघू, अशी मोकळीक असली की त्याच कामात डोकं जागं राहतं. वसईतल्या जुन्या बागायतदारांनाही हे माहीत आहे. केळी तीच, वाडी तीच, पण यंदा दोन झाडांत अंतर किती ठेवायचं, मधल्या जागेत काय लावायचं, हा विचार चालू असला की माणूस वाडीत रमतो.

वेठ वेगळी, काम वेगळं

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अनुताई बोर्डीला आल्या त्याच १९४५ साली आपल्या या भागात दुसरं मोठं घडत होतं. डहाणू, तलासरी, उंबरगाव पट्ट्यातले वारली जमीनदार-सावकारांकडे वेठीला राबत होते. लग्नासाठी कर्ज काढलं की ते फेडायला नवरा-बायको दोघं सावकाराकडे वर्षानुवर्षं राबायची. त्याला लग्नगडी म्हणायचे. २३ मे १९४५ रोजी झरीला आदिवासींची मोठी सभा झाली आणि वेठ करणार नाही असं ठरलं. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्याबरोबर किसान सभेचा लढा उभा राहिला. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं मेली, तरी लोक हटले नाहीत.

अनुताईंचा रस्ता वेगळा होता, परुळेकरांचा वेगळा. पण कामात आनंद शोधा असं सांगताना हा लढा विसरून चालणार नाही. वेठीला राबणाऱ्या माणसाला कामात समाधान शोध म्हणून सांगणं म्हणजे त्याची चेष्टा आहे. ज्या कामाचा दाम मिळत नाही आणि ज्याला नाही म्हणता येत नाही, त्यातून बळ येत नाही, ते माणसाला पिळून काढतं. अनुताईंनी आपलं काम आपण निवडलं होतं. त्यांच्या उत्साहाचं मूळ त्यातही आहे.

गुरं चरतात तिथे शाळा

१९५७ मध्ये संस्थेचं काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे बहुतेक वस्ती आदिवासींची. अडचण पुन्हा तीच, पण रूप नवं. जरा मोठी झालेली मुलं सकाळी गुरं घेऊन रानात जायची. ती शाळेत कशी येणार? गुरं सोडली तर घरात चूल पेटायची नाही.

मग शाळा कुरणात गेली. गुरं चरत असतात तिथेच झाडाखाली मुलं बसवायची, एक डोळा गुरांवर आणि एक पाटीवर. ही कुरणशाळा. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा. आणि धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या मुलींचं काय? तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. ताई कडेवरचं बाळ पाळणाघरात ठेवील, मधल्याला बालवाडीत बसवील आणि स्वतः वर्गात जाईल. या सगळ्याला नाव दिलं विकासवाडी.

बघा, प्रत्येक वेळी मूल का येत नाही हे आधी समजून घेतलं, आणि मग शाळेला त्याच्या सोयीने वळवलं. मुलाला दोष दिला नाही, त्याच्या आईबापालाही दिला नाही. दोष देत बसलं की माणूस कडवट होतो, आणि कडवट झालेला माणूस फार दिवस काम करू शकत नाही. गावात काम करणाऱ्या कुणालाही, मग तो ग्रामसेवक असो, शिक्षक असो की बचत गटाची अध्यक्ष असो, हे पटेल.

या सगळ्या धावपळीत अनुताईंचं स्वतःचं शिकणंही चालूच होतं. डोळ्यांचा त्रास होता, तरी १९६१ साली त्या पदवीधर झाल्या. वय एक्कावन्न. नोकरीत बढती मिळावी म्हणून नव्हे, ती नोकरी तर कधीच सोडलेली होती. शिकवणाऱ्याने शिकत राहिलं पाहिजे, एवढंच त्यामागे दिसतं.

ताराबाई गेल्या, काम राहिलं

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. अठ्ठावीस वर्षांची सोबत संपली. अनुताई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. एवढ्या वयात एवढा आधार गेला तर माणूस हात टेकतो. अनुताईंनी संस्थेची सगळी जबाबदारी अंगावर घेतली. बालवाडीच्या शिक्षिका तयार करणं, त्यांच्यासाठी सोप्या भाषेत पुस्तकं लिहिणं, मासिकाचं काम बघणं, आणि रोज मुलांत जाणं चालूच राहिलं. आपल्या आयुष्याची हकिकतही त्यांनी कोसबाडच्या टेकडीवरून या नावाने लिहून ठेवली.

१९८२ मध्ये, बहात्तराव्या वर्षी, प्रा. रमेश पानसे यांच्या साथीने त्यांनी ग्राममंगल ही नवी संस्था उभी केली. डहाणू तालुक्यात तिचं काम सुरू झालं. ज्या वयात लोक ओसरीवर बसून नातवंडांना हाका मारतात त्या वयात नवी पाटी लिहायला घेतली. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी जमनालाल बजाज पुरस्कारही मिळाला. दिल्लीला जाऊन आल्या आणि पुन्हा टेकडीवर कामाला लागल्या. २७ सप्टेंबर १९९२ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी त्यांचं निधन झालं.

आपण यातून काय घ्यायचं

आपल्याला काही सगळ्यांना कोसबाडला जाऊन शाळा काढायची नाही. पण अनुताईंच्या आयुष्याकडे बघितलं की चार गोष्टी साध्या कळतात.

एक, आपलं काम कुणाच्या उपयोगी पडतं, त्या माणसाचं तोंड अधूनमधून बघावं. भाजी पिकवणाऱ्याने कधी बाजारात उभं राहून ती घेणारी बाई बघावी. दाखले लिहिणाऱ्याने दाखला हातात पडलेलं पोर बघावं. कागद नि वजनकाटा दिसत राहिला की कंटाळा येतो, माणूस दिसला की तो थोडा मागे सरतो.

दोन, कामाची रीत आपल्या हातात असते तिथे ती बदलून बघावी. चिंचोक्याने मोजणी शिकवता येते, तर आपल्या कामातही असा एखादा चिंचोका सापडेल.

तीन, सोबत धरावी. अनुताईंना ताराबाई होत्या, म्हातारपणी नवे साथीदार मिळाले. एकट्याने ओढलेला गाडा लवकर रुततो.

चार, आणि ही फार महत्त्वाची, समाधान आहे म्हणून दाम मागू नये असा अर्थ कुणी काढू नये. आज आपल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस मानधनावर काम करतात. रजिस्टर, मोबाइलवरची माहिती, पोषण आहार, लसीकरण, सर्व्हे, सगळं त्यांच्याच डोक्यावर. त्या मानधनवाढीसाठी वेळोवेळी रस्त्यावर उतरल्या आहेत, आणि ते बरोबरच आहे. अनुताईंची आठवण काढून त्यांना त्याग शिकवायचा आणि वर मानधन थकवायचं, हे चालणार नाही. अंगणवाडी हा शब्द ज्या जिल्ह्यात रुजला, तिथल्या ताईंना तरी त्यांच्या कामाचा मान आणि दाम दोन्ही मिळायला हवा.

एवढं गावाने करावं. उद्या पोराला अंगणवाडीत सोडायला गेलात तर दारातून परत फिरू नका. दोन मिनिटं थांबा, आत काय चाललंय बघा, पोराने काय नवीन केलं ते ताईंना विचारा. दिवसभर तेच ते काम करणाऱ्या त्या बाईला, आपलं काम कुणीतरी बघतंय एवढं कळलं, तरी तिचा दिवस बरा जाईल. आणि कधी डहाणू लोकलने शेवटच्या स्टेशनापर्यंत गेलात, तर पुढे कोसबाडच्या टेकडीवरही जाऊन या. आपल्याच जिल्ह्यात आहे, फार लांब नाही.